इद्रीस सारंग आणि सागवानी डोला

इद्रीस सारंग दर गुरुवारी दुपारी मशिदीत जाऊन मयताच्या डोल्यात निजतो, ही बातमी खारेबांधात पहिल्यांदा माडावरून खाली उतरली. आणली भिकाजी पाडेल्याने. नारळ पाडायला तो मशिदीच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेल्या माडावर चढला होता आणि तिथून मागच्या पडवीची खिडकी सरळ दिसते. मयत खांद्यावरून कबरस्तानात न्यायची ती लांब चौकट पडवीत जमिनीवर मांडलेली, आणि तिच्यात इद्रीस उताणा. पाय जोडलेले, हात अंगासरशी, डोळे मिटलेले. भिकाजी म्हणे अर्धे नारळ तसेच ठेवून उतरला.

एसटी थांब्याजवळच्या किशोरीच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत ते डोळे उघडे झाले होते. दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरं कापड आलं. शनिवारी मालवणच्या मासळीबाजारात ही गोष्ट पोचली तेव्हा डोला आपोआप हलत होता. कोणी म्हणे, मेलेल्या बायकोशी बोलतो. कोणी म्हणे, नवस बोललाय, कुणाच्या तरी जिवावरचा. कुणाच्या, हे मात्र कोणी बोलत नव्हतं, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मशिदीच्या जमातीचे अध्यक्ष शाहनवाज यांची आई त्याच महिन्यात अंथरुणाला खिळली होती, आणि शाहनवाजचं आणि इद्रीसचं गेलं वर्षभर विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

आता हा इद्रीस कोण, ते सांगायला हवं. चौतीस वर्षं तेलाच्या जहाजांवर काढलेला माणूस. खलाशी म्हणून चढला आणि सारंग होऊन उतरला, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. दिसायला आडवा, आवाज भोंग्यासारखा, आणि स्वभाव असा की समोरचा माणूस बरा आहे हे त्याला मान्य करायला आधी त्याची तपासणी करावी लागायची. जहाजावर त्याने एक गोष्ट पाहिली होती आणि ती त्याच्या हाडात मुरली होती. परक्या बंदरात तपासनीस यायचे, हातात यादी घेऊन. जीव वाचवायच्या होडीचा एखादा आकडा गंजलेला सापडला, तर एवढं मोठं जहाज तिथंच अडकवून ठेवायचे. कप्तान रडो, कंपनी बोंबलो. आकडा बदलल्याशिवाय हलायचं नाही.

निवृत्त होऊन गावी आला तर घरात बायको नव्हती. जन्नतबी तो समुद्रावर असतानाच गेली होती. दोन वर्षं त्याने ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चुका काढल्या. मग एक दिवस, काय डोक्यात आलं कोण जाणे, मशिदीच्या देखरेखीचं काम त्याने मागून घेतलं. जमातीला आनंद झाला. फुकटचा माणूस, सवडीचा माणूस. पंधरवड्यात सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

इद्रीसने मशिदीच्या दारात यादी लावली. बावीस नियम. हौदाचं पाणी किती दिवसांनी बदलायचं. पेशइमामांच्या खोलीचं छप्पर गळता कामा नये आणि त्यांना आठवड्यातून एक दिवस रजा. बाजाराला आलेल्या बायकांसाठी मागच्या बाजूला संडास, आतून कडी लागणारा. गडग्याच्या बाहेर एक नळ, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही पाणी पिता येईल असा. भोंग्याचा आवाज शेजारच्या सुदेशच्या आजारी बापाला विचारून ठरवायचा. वाचायला सगळं गोड. पण ही यादी लावणारा माणूस शुक्रवारी सकाळी पांढरा रुमाल घेऊन खिडक्यांच्या पट्ट्या पुसत फिरायचा आणि रुमाल काळा झाला की तो नेऊन सफाईचं काम ज्याच्याकडे असेल त्याच्या नाकासमोर धरायचा. तिथे गोडवा संपायचा.

एकदा वुजूच्या ओट्यावर शेवाळ दिसलं म्हणून त्याने दुपारच्या नमाजाच्या आधी दोरी बांधून ओटाच बंद केला. वीसेक माणसं उन्हातून घरी जाऊन हातपाय धुऊन आली. त्यातल्या निम्म्यांनी परत येताना इद्रीसच्या सात पिढ्या धुतल्या. दुसऱ्या वेळी त्याने जहाजावरच्यासारखी सराव-परीक्षा घेतली. जुम्याची नमाज झाल्यावर दारात घड्याळ घेऊन उभा राहिला आणि सांगितलं, समजा आग लागली, निघा बाहेर. दोनशे माणसं, दार एक, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. चार मिनिटं दहा सेकंद लागली. अध्यक्ष शाहनवाज दोन डाव्या चपला घालून घरी पोचले. इद्रीसने दुसऱ्या दिवशी दारावर खडूने लिहिलं, "नापास". मशिदीच्या दारावर.

तरी हे सगळं लोक शिव्या देत का होईना, गिळत होते. बायकांचा संडास झाला, तेव्हा मालवणच्या बाजारातून येणाऱ्या बाया इद्रीसला दुवा देऊन गेल्या, आणि त्यांचे नवरे त्याच्याकडे बघून थुंकून गेले. खरं भांडण लागलं ते डोल्यावरून.

खारेबांधचा डोला म्हणजे साधी वस्तू नव्हती. अस्सल सागवान. शाहनवाजचे पणजोबा गलबतं बांधायचे, त्यांनी उरलेल्या फळ्यांतून तो घडवून मशिदीला दिला. चारी पायांवर वेलबुट्टी, कडेला त्यांचं नाव कोरलेलं. लग्नात सोयरिकीची माणसं आली की शाहनवाज त्यांना मशिदीत नेऊन डोला दाखवायचा. मयताची वस्तू लग्नाच्या पाहुण्यांना दाखवायची हौस त्या घराण्यालाच. मात्र तो एवढा जड, की रिकामा उचलायलाही सहा माणसं लागायची, आणि मागचा एक पाय खिळखिळा झालेला. मशीद टेकाडावर, कबरस्तान खाली खाडीच्या काठाला, मधे अठ्ठावीस पायऱ्यांची चिऱ्याची पाखाडी. पावसाळ्यात त्या पाखाडीवर कोंबडीसुद्धा जपून उतरते.

इद्रीसने त्या डोल्याच्या कोरलेल्या नावावर खडूने फुली मारली.

नाव पुसलं नाही, नुसती फुली. पण शाहनवाजला ती आपल्या पणजोबाच्या तोंडावर मारल्यासारखी वाटली. पुढच्या आठवड्यात इद्रीस स्वतःच्या खर्चाने कुडाळच्या एमआयडीसीत प्रीतम नावाच्या कारागिराकडून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा डोला करून घेऊन आला. हलका, दांड्यांना रबर, आतून कमरेला आणि छातीला बांधायचे दोन पट्टे. लोकांनी बघून नाकं मुरडली. किशोरीच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, हा तर हॉस्पिटलातला स्ट्रेचर, यातून माणूस जन्नतीत जाईल की कणकवलीच्या दवाखान्यात. सगळे हसले. इद्रीस पलीकडच्या बाकावर चहा पीत होता. त्याने ग्लास ठेवला आणि त्या माणसाला एवढंच सांगितलं की तुझं वजन शंभराच्या वर आहे, तू आधी मर आणि बघ.

इतकं कडू बोलायला कारण होतं, आणि ते कारण इद्रीस पोटात ठेवून होता.

सुदेश हा मशिदीचा शेजारी. त्याचं घर पाखाडीच्या वरच्या वळणावर. इद्रीस गावी परतल्यानंतर दुसऱ्या वर्षी, एकदा गडग्यावर बसून गप्पा मारताना सुदेश सहज बोलून गेला की जन्नतभाबी त्या दिवशी सरकल्या तेव्हा मी आणि माझ्या भावाने गडग्यावरून उडी टाकली म्हणून बरं. इद्रीसने विचारलं, सरकल्या म्हणजे? सुदेशचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याला वाटलं होतं, एवढं तरी नवऱ्याला ठाऊक असेल.

ठाऊक नव्हतं. ऑगस्टातला पाऊस होता, इद्रीसचं जहाज आखाताच्या तोंडाशी नांगरलेलं. मयत उतरवताना नवव्या पायरीवर सागवानी डोल्याचा तो पाय निखळला, डोला कलला, आणि जन्नतबी कापडासकट अर्धी बाहेर आली. पायरीवर टेकली. सुदेशने आणि त्याच्या भावाने झेललं म्हणून चिखलात गेली नाही. जमातीने तिथल्या तिथे ठरवलं की इद्रीसला हे सांगायचं नाही. शंभर माणसांनी चार वर्षं तोंड मिटून ठेवलं. खारेबांधात एवढी एकच गोष्ट लपून राहिली असेल.

इद्रीसने त्यावर कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुतळीने बांधलेला डोला बघून आला आणि मशिदीचं काम मागून घेतलं. यादीतले एकवीस नियम त्याला खरेच हवे होते, तो माणूसच तसा. पण डोल्याबद्दलचा बाविसावा नसता तर बाकीचे त्याने लिहिले असते की नाही, शंका आहे. त्या सागवानी डोल्यातून यापुढे त्या पायऱ्यांवरून कोणीही उतरायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

आणि नेमक्या अशा वेळी भिकाजी माडावर चढला.

शाहनवाजची आई, जिला गाव मोठीमा म्हणायचं, जूनच्या शेवटी जास्त झाली. बायकांनी तिच्या खाटेभोवती बसून दबक्या आवाजात गुरुवारचा हिशेब लावला. इद्रीस निजला की म्हातारीला ताप चढतो. नाही निजला की उतरतो. ताप बुधवारीही चढायचा, पण बुधवार कोणी मोजला नाही. शाहनवाज शिकलेला माणूस, कुडाळात हार्डवेअरचं दुकान. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण नसलेल्या विश्वासाचाही उपयोग करून घेता येतो, हे दुकानदाराला कळतं. त्याने जुम्यानंतर जमातीची बैठक बोलावली.

बैठकीत इद्रीस खांबाला टेकून बसला, हातात यादीची प्रत. शाहनवाजने आधी गोड सुरुवात केली. चाचांनी मशिदीसाठी पुष्कळ केलं, वयही झालं. मग आवाज बदलला.

"चाचा, तुमी गुरुवारी डोल्यात कित्याक निजतास, ता सगळ्यांसमोर सांगा."

"झोप येता म्हणान."

चारदोन जण हसले. शाहनवाज हसला नाही. "घरात माझी आई मरणाच्या दारात आसा. आणि तुमी मयताच्या डोल्यात आडवे होतास. लोकांनी काय समजायचा?"

"लोकांनी यादी वाचूची. वर्सभर दारात लावलेली आसा. वाचल्यान कोणी?"

कोणीच वाचली नव्हती. पहिले चार नियम वाचून माणसं चपला काढायची आणि आत जायची. पेशइमामांना विचारण्यात आलं, डोल्यात निजणं गुन्हा आहे का. ते बाहेरगावचे, नोकरी जमातीच्या हातात. पण खोलीचं छप्पर इद्रीसने शाकारून दिलेलं. ते खाली मान घालून म्हणाले की कुठं मना केल्याचं त्यांच्या वाचनात नाही. हे उत्तर कोणालाच आवडलं नाही.

इद्रीस उठला. म्हणाला, मी जातो, पण आधी एक करा. चार गोणी वाळू त्या सागवानी डोल्यात ठेवा, सहा जणं उचला आणि आत्ता पाखाडी उतरून दाखवा. उतरलात तर मी फुली पुसतो आणि गावासमोर कान धरतो.

"माझ्या पणजाच्या डोल्यात वाळू घालूची?" शाहनवाज म्हणाला. "मयताची वस्तू ती, चाचा. जरा अदब ऱ्हवांदेत."

तेव्हा इद्रीस बोलला, आणि भोंग्यासारखा आवाज अगदी खाली आला. "अदब. माझी बायको नवव्या पायरेर पडली, तेव्हा तुझी अदब खंय होती रे? तू पुढच्या खांद्याक होतंस. सुदेशान झेलल्यान तिका, तुमच्यातल्या एकान नाय."

बैठकीत बसलेल्या साठ माणसांनी एकदम चटईकडे बघितलं. एवढं ऐकल्यावर माणसं विरघळतील, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. आपली चूक ज्याला कळली आहे त्याचा राग जास्त येतो. मत घेतलं तेव्हा नऊ हात इद्रीसच्या बाजूने वर गेले आणि बाकीचे विरुद्ध. पेशइमामांना मत नव्हतं. संध्याकाळच्या आत यादी दारावरून निघाली. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोने ॲल्युमिनियमचा डोला इद्रीसच्या घरापुढच्या खळ्यात आणून उलटा टाकला. त्याच्या नळ्यांवर कोंबड्या बसायला लागल्या.

पुढच्या गुरुवारी इद्रीसने कोंबड्या हाकलल्या, डोला सुलटा केला आणि आपल्याच पडवीत, रस्त्यावरून दिसेल असा, त्यात आडवा झाला. आता बघायला माडावर चढायची गरज नव्हती. किशोरीच्या टपरीवरचं दुपारचं गिऱ्हाईक त्या दिवशी दुप्पट झालं.

मोठीमा गेली जुलैच्या मध्यावर, मंगळवारी पहाटे. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पाखाडीवरून पाणी असं वाहत होतं की पायऱ्या मोजता येत नव्हत्या. सकाळी मशिदीच्या पडवीत सागवानी डोला काढून पुसला, आणि सहा जणांनी उचलून बघितला. सुतळी ताणली. सगळ्यांनी शाहनवाजकडे बघितलं. तो छत्री न घेता निघाला.

इद्रीसच्या खळ्याशी येऊन तो बेड्याबाहेरच, फाटकाशी, थांबला. इद्रीस पडवीत होता. या म्हणाला नाही.

"आईक न्यायचा आसा," शाहनवाज म्हणाला.

"ने मा. सागवानी आसा तुझो."

"पाखाडेर पाणी आसा."

"दर वर्सा असता."

पाऊस शाहनवाजच्या टोपीवरून नाकावर ओघळत होता. गल्लीतल्या तीन खिडक्यांत माणसं उभी होती आणि हे दोघांनाही माहीत होतं. इद्रीसने त्याला सोडलं नाही. "नीट सांग. काय व्हया तुका?"

"तुमचो डोलो व्हयो."

इद्रीस उठला. आत जाऊन दोन्ही पट्टे घेऊन आला आणि एकेक बक्कल ओढून बघत म्हणाला, "नेतलंस तर माझ्या कायद्यान. चपला कोणाच्या पायात नुको. आणि पायऱ्यांवर तू खांदो देवचो नाय. तुझो उजवो गुडघो गेलेलो आसा. दोन वर्सा बघतंय मी, जिन्यावर तू आधी डावो पाय टाकतंस."

"माझी आई ती, चाचा."

"म्हणानच."

पोटच्या लेकाला आईला खांदा देणं नाकारायचं, यापेक्षा वाईट काही गावाने बघितलं नव्हतं. पण शाहनवाजने मान डोलावली. मशिदीपासून पाखाडीच्या तोंडापर्यंत त्याने खांदा दिला, तिथे इद्रीसने सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर थाप मारून त्याला बाजूला काढलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. मग स्वतः डोल्यापुढे, तोंड डोल्याकडे करून, उलटा उतरू लागला, सहासष्ट वर्षांचा माणूस, अनवाणी, एकेक पायरी चवड्याने चाचपत. जहाजावर दोर सोडताना द्यायचा तसा त्याचा आवाज पावसातून येत होता. आस्ते. धर. डावे. उतर. नवव्या पायरीवर तो थांबला, सगळ्यांना थांबवलं, सहाही जणांचे पाय बघितले, आणि मग म्हणाला, उतर. सुदेश आपल्या गडग्यावर उभा होता, तयारीत. त्याला हलावं लागलं नाही.

कबरस्तानातून परतताना शाहनवाज इद्रीसशी एक शब्द बोलला नाही. आजही बोलत नाही. वाटेत गाठ पडली की सलाम घेतो, पण दातांच्या आत. इद्रीसला कोणी परत कामावर बोलावलं नाही. बाकीच्या एकवीस नियमांची यादी दारावर परत गेली नाही, आणि वुजूच्या ओट्यावर पुन्हा शेवाळ धरलंय. ॲल्युमिनियमचा डोला मात्र त्या दिवसापासून मशिदीच्या पडवीत आहे. सागवानी माळ्यावर गेला, कोरलेलं नाव भिंतीकडे करून. दर गुरुवारी दुपारी मशिदीत कोणी नसताना पेशइमाम मागचं दार नुसतं लोटून ठेवतात. ते उघडं कसं राहतं, असं त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही. इद्रीस येतो, अर्धा तास थांबतो आणि जातो.

तो तिथे ना मेलेल्या बायकोशी बोलत होता, ना कुणाचं मरण मागत होता. खाऱ्या हवेने बक्कलं गंजतात, म्हणून बाविसाव्या नियमाप्रमाणे पट्टे दर आठवड्याला तपासायचे होते. पकड कळायला आत माणूस लागतो, आणि दुसरं कोणी आडवं व्हायला तयार नव्हतं.